तोंडावरचा हात

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला, कान धरतो. पलीकडे नवी इमारत उठली आहे आणि तिथल्या प्रत्येकाला घराच्या चार-चार किल्ल्या करून हव्यात. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, सासूची तर कपाटात लपवायला आणखी एक. लोकांचा एकमेकांवर भरवसा नाही म्हणून आमची चूल पेटते, तेव्हा मी तक्रार करत नाही.

मुख्य बातमी अशी की तुझी भाची आता शाळेत जाणार. भिंगरीला पाच पूर्ण झाली. कोपऱ्यावरच्या मोठ्या शाळेने आठ मार्चला आम्हा तिघांना बोलावलं आहे. मुलाला थोडंफार विचारतात म्हणे. वरच्या मजल्यावरचा बस कंडक्टर रोज जिन्यात उभं राहून पोराकडून आकडे म्हणवून घेतो. अख्ख्या इमारतीला पाठ झाले, एक त्या पोराला सोडून.

मी तसलं काही केलेलं नाही. तुझा शब्द पाळला आहे. दोन वर्षांत आम्ही तिला एक अक्षर की एक आकडा शिकवलेला नाही. कोरी करकरीत पोर शाळेच्या हवाली करणार. चौथीत दोनदा बसलेला आणि मास्तरांनी घरी पाठवलेला बाप मी. मी हात घातला असता तर पोरीची वाट लावली असती. आमच्या धंद्यातही तेच आहे. किल्ली कमी घासली गेली तर पुन्हा घासता येते, जास्त घासली की गेली. कानस लावायचीच नाही हे सगळ्यात बरं.

तुझ्या शाळेतली माकडं काय म्हणतात? गुडघा दुखतो का अजून?

तुझा,
बारक्या


२० फेब्रुवारी

बारक्या,

गुडघा आहे तिथेच आहे. माकडंही.

भिंगरी शाळेत जाणार हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण ‘कोरी करकरीत’ काय रे? माझ्याकडे आली होती तेव्हा तीन वर्षांची होती आणि चार दिवस बोलून बोलून माझं डोकं खाल्लं होतं तिने. माझा किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसली. ही दाराची, ही कपाटाची, ही दोन दातांची, आणि ही वाकलेली म्हणजे रुसलेली. मी बावीस वर्षं पहिलीला शिकवते आहे, असं पोर मी वर्गात पहिल्या बाकावर बसवलं असतं. ती काय अडणार आहे? उलट तिथल्या बाईंनाच प्रश्न विचारून हैराण करेल.

कुठला शब्द पाळलास ते काही कळलं नाही. मी इतक्या जणांना इतकं काही सांगत असते, लक्षात कुठे राहतं! उगाच टेन्शन घेऊ नकोस. आठ तारखेचं लगेच कळव.

ताई


१० मार्च

प्रिय ताई,

झालं एकदाचं. पंधरा मिनिटांत आटोपलं. शाळा स्वच्छ आहे, भिंतींवर चित्रं आहेत, बाई बऱ्या आहेत. भिंगरी अगदी शांत बसली, काही त्रास दिला नाही. पुन्हा एकदा अठरा एप्रिलला बोलावलं आहे. तसं बऱ्याच जणांना बोलावतात.

बाकी ठीक. काम फार आहे म्हणून थोडक्यात.

बारक्या


१३ मार्च

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. हे ह्यांना न सांगता लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून. ह्यांनी तुम्हाला काय कळवलं ते मला ठाऊक आहे, टाकायच्या आधी वाचून दाखवलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. पण आता गप्प बसवत नाही.

शाळेत बाईंनी भिंगरीला नाव विचारलं. तिने उजवा हात उचलून तोंडावर ठेवला. बाईंना वाटलं, लाजली. चेंडू दाखवून रंग विचारला. हात तसाच. टेबलावर मणी मांडून मोजायला सांगितले. हात तसाच. मग दुसऱ्या बाई जवळ आल्या आणि त्यांनी गोडीत तिचा हात बाजूला करायला बघितला, तर पोरीने दुसराही हात वर दाबून धरला. डोळे ह्यांच्याकडे. वन्सं, नाकसुद्धा झाकलं गेलं होतं. तोंड लाल झालं तरी हात काढेना. मी किंचाळले तेव्हा काढला.

बाईंनी कागदावर लिहिलं आहे, ‘शाळेसाठी तयार नाही. बोलण्यात दोष असावा.’ अठरा एप्रिलला शेवटचं बघणार. तेव्हाही बोलली नाही तर इथे नाव लागणार नाही, वेगळ्या शाळेत न्या असं लिहून देणार. माझ्या पोरीच्या बोलण्यात दोष? जिला झोपेतही गप्प करावं लागायचं तिच्या?

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, हा तोंडावर हात तिला कुणी शिकवला? हे म्हणाले, “मी शिकवला. येत नसेल तर असा हात ठेवायचा, म्हणजे चुकीचं बाहेर पडत नाही. ताईने मला लहानपणी असंच शिकवलं होतं.” अगदी सहज म्हणाले हो. जसं काही दात घासायला शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी तुमचं एक पत्र आलं होतं, तिथून हे सुरू झालं. त्याआधी ती दिवसभर दुकानात बसायची. पत्र आलं आणि ह्यांनी तिचं दुकानात येणं बंद केलं. मला म्हणाले, तूही मोजून दाखवू नकोस, गोष्टी सांगू नकोस, आपल्याला कुठे नीट येतं. चादरीची घडी घालताना मी तिला ‘टोकाला टोक, काठाला काठ’ म्हणायला लावायचे, तेही सोडलं. आता ती घरात हवं-नको एवढंच बोलते. भूक लागली, झोप आली. मी सातवी शिकलेली आहे, मला कळायला हवं होतं. पण शिक्षक नणंदेपुढे माझ्या सातवीला कोण विचारतो?

ते पत्र ह्यांनी दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मी उचकटून काढलं. सोबत पाठवते आहे, कोपरा फाटला.

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होते. पण आहे.

तुमची भावजय


१९ मार्च

बारक्या,

तुझ्या बायकोने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर आवाज चढवलास तर गाठ माझ्याशी आहे.

पाकीट मी वर्गातच फोडलं. माझंच पत्र, माझंच अक्षर, मागे तुझ्या डिंकाचे डाग. ‘चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं. आई-बापांनी घरी काही करूच नये, ते काम आमच्यावर सोडावं.’ मी खुर्चीत बसले आणि पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “बाई, घरी कोणी मेलं का?”

हे मी लिहिलं? लिहिलं आहे, माझी सही आहे खाली. त्या वर्षी एका मुलाला घरच्यांनी सगळे आकडे उलटे गिरवायला शिकवले होते. ते सोडवता सोडवता मी मेटाकुटीला आले होते. त्या वैतागात तुझ्या पत्रात चार ओळी खरडल्या, कुणापुढे तरी कुरकुर करावी तशा. त्या तुझ्यासाठी नव्हत्या रे! आणि तू त्या दाराला चिकटवल्यास. दोन वर्षं रोज कपाट उघडून वाचल्यास. एकदा विचारायचंस तरी, ताई, हे असं का म्हणतेस?

पण तू कशाला विचारशील. तो हात माझाच ना.

मला वाटलं होतं तू विसरलास. एका खोलीत चार वर्ग, मी चौथीत, तू पहिलीत. तपासणीला साहेब आले, त्यांनी तुला काहीतरी विचारलं. तू तोंड उघडलंस आणि मी मागून येऊन तुझ्या तोंडावर हात दाबला. तू चुकशील आणि घराची लाज जाईल म्हणून. सगळे हसले, साहेबांनी माझी पाठ थोपटली, बहीण हुशार आहे म्हणाले. मी आईला ही गोष्ट कौतुकाने सांगितली होती. त्यानंतर तू वर्गात कधी बोललास ते मला आठवत नाही. तुला उत्तर येत होतं का रे? इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही.

आता नीट ऐक. मोठं काय, लहान काय, कुठल्याची जोडी कुठली, एक कमी पडली की जास्त झाली, आलेल्या अनोळखी माणसाला ‘काय हवं?’ म्हणून विचारायचं, पहिलीत मूल टिकतं ते यावर. भिंगरीला हे सगळं तीन वर्षांची असताना येत होतं. ते तुझ्या दुकानात आलं होतं. तूच शिकवलं होतंस, चौथीत दोनदा बसलेल्या बापाने. तिच्या बोलण्यात दोष नाही. दोष माझ्या पत्रात होता.

उद्यापासून तिला दुकानात ने. तिच्याशी बोल. चूक असो, बरोबर असो, बोल.

ताई


१ एप्रिल

ताई,

बायकोवर ओरडलो नाही. ओरडायला तोंड कुठे आहे?

‘दोष माझ्या पत्रात होता’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. शेवटी तुझ्या भावजयीला वाचायला दिलं, म्हटलं माझंच काही चुकत असेल. ताई चुकू शकते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दोन दिवस काम सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाची चांगली कोरी किल्ली बिघडवून ठेवली.

तू विचारलंस म्हणून सांगतो. उत्तर येत होतं. साहेबांनी विचारलं होतं, गाईला पाय किती. मी चार म्हणणार होतो.

जाऊ दे, तू त्यावरून रडत बसू नकोस. भिंगरीचं ऐक. तिला दुकानात नेलं, स्टुलावर बसवलं. ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. बोल म्हणून तू लिहिलंस, पण बोलू काय? पोटची पोर समोर बसली आहे आणि मला विषय सुचेना. “ऊन फार आहे आज,” म्हटलं. तिने मान हलवली. ताई, दोन वर्षं मी तिला फक्त गप्प बसवायला तोंड उघडलं होतं, हे मला त्या स्टुलापुढे बसून कळलं.

पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी एक म्हातारा ट्रंकेची किल्ली करून घ्यायला आला. तसली कोरी किल्ली कुठल्या खिळ्याला टांगली ते मला सापडेना. खरंच सापडेना, नाटक नव्हतं. मी वैतागून म्हणालो, “कुठे मेली?” मागून बोटांच्या फटीतून आवाज आला, “खालच्या ओळीत. तू मोठ्या किल्लीमागे लावलीस.”

म्हातारा हसला. मला मात्र हुंदकाच आला, पाठ फिरवून कानस शोधायला लागलो. आता रोज थोडं बोलते, पण मी चुकलो तरच. परक्या माणसापुढे अजून हात तोंडावरच. अठरा तारखेला परकीच माणसं आहेत. काय होईल गं?

बारक्या


८ एप्रिल

बारक्या,

गाईला चार पाय हे मी पहिलीतल्या पोरांकडून बावीस वर्षं वदवून घेते आहे. परवा फळ्यावर गाय काढली आणि पाय काढताना खडू मोडला. मुलांना सुट्टी दिली.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? शनिवारी पालकांची सभा होती. दरवर्षी त्या सभेत मी एकच वाक्य ठासून सांगत आले, घरी लुडबुड करू नका, आमच्यावर सोडा. लोक माना डोलवायचे, मला अभिमान वाटायचा. बारक्या, बावीस वर्षं, दरवर्षी चाळीस घरं. तू एकटा नव्हतास रे. तुझं पत्र आल्यापासून मला ती घरं दिसतात.

शनिवारी मी उभी राहिले आणि सांगितलं की माझं चुकलं. मुलांशी बोला, तुम्हाला जे काम येतं ते त्यांना हातात द्या, चुकलं तरी चालेल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एक रंगकाम करणारा बाप उठला. बोटांना पांढरा रंग तसाच. त्याचा धाकटा आता माझ्याकडे आला आहे, थोरला सहा वर्षांपूर्वी होता. म्हणाला, “बाई, तुम्ही तेव्हा सांगितलंत म्हणून मी त्याच्याशी रंगांचं बोलणं बंद केलं. आधी दोघं डब्यावर काठी आपटत रंग कालवायचो. तो आता सातवीत आहे. मी खोलीत गेलो की तो उठून जातो. आता काय बोलू त्याच्याशी?”

सभा तशीच उठली. तो माणूस सगळ्यात शेवटी गेला, मी काहीतरी सांगेन म्हणून थांबला होता.

तू काय सांगितलं असतंस?

ताई


१९ एप्रिल

ताई,

आधी रंगाऱ्याचं. त्याला म्हणावं, पोराला शिकवायला जाऊ नकोस. त्याला तुझी अडचण सांग. भिंतीला कुठला रंग शोभेल ते मला कळत नाहीये, तू बघ म्हण. पहिल्यांदा तो उठून जाईल, दुसऱ्यांदाही जाईल. मी पाच दिवस नुसत्या उन्हाच्या गप्पा मारल्या, त्याला पाच महिने लागतील. आणि हे तू त्याच्या घरी जाऊन सांग, शाळेत बोलावू नकोस. शाळेत आम्हा लोकांची वाचा बसते, हे तुम्हा बाई लोकांना कळत नाही. बघ, मी तुला शिकवायला लागलो. माझी मलाच भीती वाटली हे लिहिताना, पण खोडत नाही.

आता आमचं. सतरा तारखेला संध्याकाळी मी तुझं पत्र भिंगरीला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये दोनदा अडलो, तर थांबून पुन्हा वाचलं. ‘सांगितलं की माझं चुकलं’ इथे तिने माझा हात धरला.

“आत्या चुकली?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“हो.”

“मग तिला शाळेतून काढलं?”

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसेना. जेवताना पुन्हा विचारलं, अंथरुणात पुन्हा. चुकलं की शाळेतून काढतात, हे त्या पाच वर्षांच्या डोक्यात बसलं होतं, आणि ते बसवणारा मी. “बाबा चुकायचा म्हणून बाबाला घरी पाठवलं,” असं मी तिला हसत हसत कितीदा सांगितलं असेन. मला गंमत वाटायची. ती ते गाठीला बांधून बसली होती.

काल शाळेत गेलो. त्याच बाई, तेच टेबल. नाव विचारलं आणि भिंगरीचा हात वर निघाला. तुझ्या भावजयीने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. हात हनुवटीपर्यंत गेला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि खाली आला.

“चुकलं तर काढता का?” तिने विचारलं.

बाईंना काही समजेना. त्या आमच्याकडे बघायला लागल्या.

“माझी आत्या बाई आहे. ती चुकली. तिला नाही काढलं. तुम्ही काढता का?”

ताई, त्या बाईंचा चेहरा बघायला हवा होतास. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “नाही गं बाळा. चुकलं म्हणून कुणालाच काढत नाहीत.”

मग तिने नाव सांगितलं, पूर्ण, माझ्या नावासकट. मणी मोजले, सात होते, आठ म्हणाली. बाई म्हणाल्या, पुन्हा बघ. पुन्हा मोजून सात म्हणाली. चेंडूचा रंग सांगितला आणि टेबलाच्या खणाची किल्ली झिजली आहे, बाबा नवीन करून देईल, हेही सांगितलं. जुना कागद बाईंनी आमच्यासमोर फाडला. नाव पटावर लागलं. तुझी भावजय तिथेच भिंतीला टेकून रडली.

मी सही करायला वाकलो होतो, तेवढ्यात भिंगरीने माझी बाही ओढली आणि भर खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बाबा, मग तुला का काढलं?”

दोन्ही बाई आणि शिपाई माझ्याकडे बघत राहिले. मला माहीत नाही, एवढंच तिला सांगता आलं. तुला माहीत असेल तर कळव.

बारक्या